आखाजीची रजा

धुळ्याच्या त्या बँकेत छगन पाटलाइतका कुरकुऱ्या माणूस दुसरा नव्हता. शाई पातळ आली, पंख्याचा वारा नेमका दुसऱ्याच्याच टेबलावर जातो, शिपाई हिलाल पाणी कोमट आणतो, पांझरेला पाणी नाही, एसटीला वेळ नाही. सकाळी साडेदहाला त्याचं तोंड सुरू झालं की तिजोरी बंद होईपर्यंत चालूच. पण हेड कॅशियर म्हणून माणूस सोन्यासारखा. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक साहेबांकडे, एक छगनकडे, आणि दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नसे. किल्ली हाती आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्याच्यापायी ते दार एक दिवसही उशिरा उघडलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवत असे.

त्याच्या मागच्या भिंतीवर दर जानेवारीत सुट्ट्यांची छापील यादी लागे. ती लागली की जो तो आधी आपला सण शोधायचा. अडुसष्ट सालच्या यादीत धुळवड होती, पाडवा होता, रामनवमी होती. महावीर जयंती आणि गुड फ्रायडे पाठोपाठ आले होते, त्यामुळे सुरेशचंद जैन आणि मिशनच्या शाळेत शिकलेला टायपिस्ट असे दोघेही खूश होते. तरी सुरेशचंद म्हणायचा, "माझी सुट्टी आली खरी, पण आमच्या घरात मोठी ती माझ्या बायकोची, कुसुमलताची गणगौर. बाई सोळा दिवस गौर पूजते, आणि गौरीला निरोप द्यायच्या दिवशी मी इथे बसून शिक्के मारतो." मॅनेजर भट्टाचार्जी साहेब कलकत्त्याकडचे. त्यांचं नवं वर्ष बंगाली वैशाखाच्या पहिल्या दिवशी, एप्रिलच्या मध्याला लागतं, हे एकदा त्यांच्याच तोंडून निघालं होतं. यादीत अर्थातच त्याचा पत्ता नव्हता. साहेबांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही आणि बाकीचेही विसरून गेले.

आखाजीही यादीत नव्हती. कशी असेल? यादी यायची मुंबईहून, आणि मुंबईला अक्षय्य तृतीया म्हणजे नुसता एक चांगला मुहूर्त. खानदेशात ती आखाजी, लेकीबाळींची. सासरी गेलेली पोर वर्षभर वाट पाहते ती या दिवसाची. दिवाळी चुकली तर ती एक वेळ सोसेल, आखाजी चुकलेली सोसणार नाही. बरं, ती आपल्या पायांनी येत नाही. भाऊ नाहीतर बाप मुराळी होऊन तिला न्यायला जातो, रात्रीचा मुक्काम करतो, व्याह्यांकडचं जेवतो आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत तिला घेऊन निघतो. रस्ता दोन तासांचा का असेना, न्यायला कुणी आलं नाही तर बाई उंबरा ओलांडत नाही. मग लोक बोलायला लागतात, हिचं माहेर सरलं म्हणून.

छगनची मोठी बहीण मंजुळा भडगावजवळ, गिरणेकाठच्या एका खेड्यात दिलेली. आई होती तोवर दर आखाजीला छगन रजा काढून मुराळी होऊन जाई आणि तिला पिंपळनेरजवळच्या त्यांच्या गावी आईपुढे नेऊन उभी करी. पुढचे चार दिवस मंजुळा काही म्हणजे काही करत नसे. आई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. चौसष्ट साली पावसाळ्यात आई गेली. गावचं घर चुलत भावांच्या वाट्याला गेलं, आणि छगनचं घर म्हणजे धुळ्यात चौथ्या गल्लीतल्या ज्ञानचंद शेटच्या माडीवरच्या दोन खोल्या.

खरी मेख तिथेच होती. छगनची बायको लताबाई शिरपूरची. आखाजी आली की तिचा भाऊ आठ दिवस आधीच हजर, आणि ती पोरांसकट माहेरी. रीतच ती, तिला छगन काय म्हणणार? पण मग मंजुळाला आणायचं कुठे? आई नाही, भावजय नाही, रिकाम्या दोन खोल्यांत येऊन तिने करायचं काय? भावाच्या पोळ्या लाटायच्या? माहेरी येऊनही चूलच फुंकायची तर सासर काय वाईट होतं? पासष्ट साली या विचाराने त्याचा जीव इतका कासावीस झाला, की त्याने पोस्टकार्ड लिहिलं: यादीत आखाजी नाही, साहेब सोडत नाहीत, तरी वाईट वाटून घेऊ नये. सहासष्टला तेच लिहिलं. सदुसष्टलाही तेच.

आणि या तीन वर्षांत साहेबांकडे त्याने रजा मागितलीच नव्हती. एकदाही नाही. साऱ्या जगाशी तक्रार करणारा हा माणूस साहेबांच्या दारापर्यंत जाऊन "एक दिवस रजा हवी" एवढे चार शब्द बोलला नव्हता, कारण साहेबांनी हो म्हटलं असतं तर पुढे काय, हे त्याला माहीत नव्हतं. आखाजीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आग्रा रोडवरून मुराळ्यांमागे बायका निघालेल्या दिसत. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत पोर, आणि चाल अशी की स्टँड पळून जाणार आहे. छगन काउंटरच्या जाळीतून त्यांच्याकडे बघत राही आणि समोरचा माणूस दोनदा खाकरे तेव्हा भानावर येई. त्याला बहिणीची फार आठवण येई. आई गेल्यापासून त्याला "छगन्या" म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

अडुसष्टची आखाजी तीस एप्रिलला, मंगळवारी आली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, बँक बंदच. म्हणजे या वर्षी धड बहाणासुद्धा नव्हता. तरी लताबाई शिरपूरला गेली त्या दिवशी संध्याकाळी छगनने नेहमीचं कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं.

सोमवारी दुपारी हिलालने टपाल आणलं. थोड्या वेळाने साहेबांनी हाक मारली, "छगनबाबू, जरा इधर आइए."

यात नवल काही नव्हतं. साहेबांना मराठी वाचता येत नसे. गावोगावचे अर्ज, तक्रारी, जे काही मराठीत येई ते छगन त्यांना मोठ्याने वाचून दाखवी आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याचा अर्थ सांगे. ते त्याचं रोजचंच काम होतं. साहेबांनी एक निळं अंतर्देशीय पत्र पुढे सरकवलं. वर लिहिलं होतं, "बँकेचे मोठे साहेब यांस, मु. धुळे." अक्षर चौथीपर्यंत शिकून सोडलेल्या माणसाचं होतं. ते कुणाचं हे छगनला पत्र हातात घेण्याआधीच कळलं.

"पढ़िए," साहेब म्हणाले.

छगनने वाचायला सुरुवात केली.

"रा. रा. मोठे साहेब यांस मंजुळाबाईचा नमस्कार. मी आपल्या छगन कॅशियरची मोठी बहीण. पत्र लिहिण्यास कारण की, आमच्याकडे आखाजीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. माझा भाऊ तीन वर्षं आला नाही. यंदाही येत नाही असं त्याचं कार्ड आलं. आपण त्याला सोडत नाही असं तो लिहितो. आमच्या गल्लीत आम्ही नऊ सुना आहोत. आखाजीला आठ जणी माहेरी जातात, मी एकटी राहते. गावच्या लेकी येतात, झोके घेतात, मी त्यांच्यासाठी सांजोऱ्या तळते. कामाचं मला काही नाही. पण त्या विचारतात, भाभी, तुले लेवाले कोनी उनं नही का. मग मी आपलं नाव सांगते, साहेब सोडत नाहीत म्हणून. आपणांस बहीण असेल. एक दिवस सोडावे, जास्त मागत नाही. मला पुरणपोळी नको, लुगडं नको, घर मोठं नको. मला न्यायला कोणी यावं, एवढंच. चूकभूल माफ करावी."

वाचून संपल्यावर छगनने पत्राची घडी घातली.

"क्या लिखा है?" साहेबांनी विचारलं.

आता खोटं बोलणं किती सोपं होतं. कुणा बाईची मनीऑर्डर पोचली नाही, पोस्टात चौकशी करायला सांगतो, असं म्हटलं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती आणि पत्र छगनच्या खिशात गेलं असतं. शब्द जिभेवर आलेही. पण तीन वर्षं ती बाई गल्लीतल्या पोरींना तेच तर सांगत होती, भावाने शिकवलेलं खोटं, आणि आता आपण तेच आणखी एकदा तिच्याच पत्रावर सांगणार, हे त्याच्याने होईना. त्याने सगळं सांगितलं. गल्लीतल्या नऊ सुना, सांजोऱ्या, सगळं. हिंदी शब्द सापडला नाही तिथे मराठी घातला.

"मैंने कब मना किया?" साहेब म्हणाले.

"नहीं किया, साहब."

"आपने कब पूछा?"

"नहीं पूछा."

साहेब संतापले. त्यांचा राग हळू आवाजाचा, त्यामुळे जास्तच लागे. "तीन साल से एक गाँव की सब औरतें मुझे राक्षस समझती हैं, और मुझे मालूम तक नहीं. क्यों नहीं पूछा?"

मग छगनने जे बायकोलाही धड सांगितलं नव्हतं ते या परमुलखातल्या माणसाला सांगितलं. आई गेल्याचं, रिकाम्या दोन खोल्यांचं, बहिणीला आणून बसवायचं कुठे याचं. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. कारण 'मला न्यायला कोणी यावं, एवढंच' ही ओळ त्याने आत्ताच वाचली होती, आणि खोल्यांचा तिला काही फरक पडत नव्हता.

बाहेर सुरेशचंद कुणाला तरी सही चुकली म्हणून समजावत होता.

"हमारा नया साल इस बार इतवार को आया," साहेब म्हणाले. "छुट्टी माँगनी ही नहीं पड़ी. सुबह नहाकर मैंने धुली हुई धोती पहनी और कमरे में बैठ गया. कहाँ जाता? शाम को धोती उतारकर रख दी. नौ साल हुए, छगनबाबू. मुझे तो किसी ने चिट्ठी नहीं लिखी." मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "अर्ज़ी लिखिए. चाबी सुरेशचंद को दीजिए. तीन बजे की गाड़ी है ना?"

रजेचं कारण म्हणून छगनने लिहिलं, "बहिणीस आणणे." तीन वर्षांत त्याने पहिल्यांदाच किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली, आणि सुरेशचंदला ती कशी फिरवायची हे सांगायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

एसटी पारोळ्याला अर्धा तास उभी राहिली तेव्हा छगनने कंडक्टरचा, ड्रायव्हरचा आणि महामंडळाचा यथास्थित उद्धार केला. पुढे भडगावपासून बैलगाडी मिळाली. दिवस मावळायच्या सुमाराला तो गावात शिरला तर कडुनिंबाला झोके बांधलेले, पोरीबाळींचा गलका, आणि कुणाच्या तरी घरून तळणाचा वास. वास कुठून येतो हे त्याला विचारावं लागलं नाही.

मंजुळाची सासू वच्छलाबाई ओट्यावर बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"छगनभाऊ शे का? सोडं का शेवट तुना साहेबनी?"

"सोडं," छगन म्हणाला.

"मोठा वंगाळ मानूस दिखस. मंजुळा तर आखाजीना गानामा बी त्याले शिव्या देस. आते बठ्ठ्या पोरी बी देतीस त्याले शिव्या."

तेवढ्यात मंजुळा दारात आली. हात रव्यापिठाने भरलेले, पदर खोचलेला, केस कपाळाला चिकटलेले. तीन वर्षांत ती पुष्कळ वाळली होती आणि कानाजवळ पांढरी झाली होती. तिने भावाकडे पाहिलं आणि ती आत वळली. मग आतल्या खोलीतून, कणग्यांच्या मागून, तिच्या रडण्याचा आवाज आला. सासूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि छगनला पाय धुवायला पाणी दिलं.

रीतीप्रमाणे रात्रीचा मुक्काम झाला. आखाजीच्या दिवशी सकाळी दोघं निघाली. छगनला भडगावची गाडी गाठायची घाई, पण मंजुळा काही केल्या लवकर चालेना. प्रत्येक दाराशी ती थांबे. "जास वं काकू. मना भाऊ उना." पुढच्या दाराशी पुन्हा तेच. कुणी विचारो न विचारो, ती सांगत होती. झोक्याजवळच्या पोरींनी हात केले तेव्हा ती अंगावरचं जुनंच लुगडं नीट करून, मान वर करून त्यांच्यासमोरून गेली. छगन तिच्या चार पावलं पुढे ट्रंक घेऊन चालत होता. तिने आपल्याला पुढे का चालायला सांगितलं हे त्याला हळूहळू कळलं. साऱ्यांना मुराळी आधी दिसावा म्हणून.

धुळ्याला पोचेपर्यंत दुपार टळली. चौथ्या गल्लीत ज्ञानचंद शेटच्या जिन्यावर मंजुळा जरा थबकली, मग चढली. छगनने खोलीचं कुलूप काढलं. आत जाताच तिची नजर सवयीने केरसुणीकडे गेली.

"अक्का, बस," छगन म्हणाला. "हात लावू नको कशाले."

त्याने सतरंजी घातली, तक्क्या दिला, माठातलं पाणी दिलं. मग स्टोव्ह पेटवायला बसला. स्टोव्ह काही धड पेटेना, त्याला शिव्या. खिचडी खाली लागली, भांड्याला शिव्या. येताना स्टँडवरून आंबे घेतले होते. ते पिळताना रस कोपरापर्यंत ओघळला, तेव्हा आंबेवाल्याच्या सात पिढ्या काढून झाल्या. मंजुळा तक्क्याला टेकून पाय पसरून हे सगळं बघत होती. मधे एकदा ती उठायला लागली तर त्याने तिला डोळे वटारून बसवलं. ती बसली आणि तिने बांगड्या मागे सारल्या, आईपुढे बसताना सारायची तशाच.

तिने लागलेली खिचडी रसाबरोबर खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. छगनचं बसमध्ये सांगू म्हणून राहिलं होतं, जिन्यावर सांगू म्हणून राहिलं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "साहेबनी कधी नही म्हनंच नव्हतं. मीच इचारं नही त्याले."

"माले माहीत शे," मंजुळा म्हणाली.

"कव्हयपासून?"

"पहिला कारडपासून." तिने बोटावरचा रस चाटला. "तू बठ्ठी दुन्याले शिव्या देस, छगन्या. आते त्या स्टोव्हले बी दिन्ह्यात. पन तीन सालमा तुना कारडवर त्या साहेबले एक वाकडा शब्द नही. मी तव्हयच समजी गऊ."

छगनने खिचडीचं भांडं उगाच जवळ ओढलं.

"मंग साहेबले पत्र कसाले लिखं?"

"साहेबले मराठी वाचता येस नही. तूच वाची दाखाडस, हाई तूच सांगेल शे माले." ती अगदी शांतपणे बोलत होती. "साहेबले नही लिखं मी. तुले लिखं."

खाली रस्त्यावरून कुणाकडच्या तरी लेकी गात गेल्या. त्यांचा आवाज लांब गेला. मग छगनने विचारलं, "बठ्ठं माहीत व्हतं, तर तीन साल गल्लीमा त्या गरीब साहेबले शिव्या कसाले दिन्ह्यात तू?"

"कोनले तरी देना पडतीस ना रे," मंजुळा म्हणाली. "तुले कश्या देऊ?"